उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलतोय? आधी मागचा हुक बघा

कारखाने सुरू झाले की दरवर्षी हाच प्रश्न पुन्हा येतो. फडातून भरलेल्या दोन ट्रॉल्या बाहेर काढताना, पाणंदीतून डांबरीवर चढताना किंवा ओढ्यातून वर येताना ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर, कधी हातभर उचलली जातात. स्टिअरिंग हातात असतं, पण ट्रॅक्टर त्याचं ऐकत नाही. मग कुणी बंपरवर दोन पोरं बसवतो, कुणी सिमेंटचा ठोकळा ओतून पुढे टांगतो, कुणी मागच्या टायरात पाणी भरून आणतो. पुढच्या चढाला ट्रॅक्टर परत मागच्या चाकांवर उभा राहतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक जण इलाज पुढे शोधतात आणि दुखणं मागे असतं. हुकाची उंची आणि ट्रॉलीतला भार या दोन गोष्टी सुधारल्याशिवाय पुढे कितीही वजन टांगलं तरी ते अर्धवट काम आहे. आणि हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही, कारण ट्रॅक्टर मागे उलटला तर चालक त्याच्याखाली असतो.

आधी बघा, नेमका कधी उचलतो

"चढाला उचलतो" एवढ्यावरून काही कळत नाही. एका माणसाला बाजूला, पंधरा-वीस फूट लांब उभं करा. ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे नको, बाजूलाच. पुढचं चाक आणि मागचा हुक दोन्ही दिसतील असा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायला सांगा. दोन मिनिटांच्या त्या व्हिडिओत अर्धं निदान होतं.

क्लच सोडताना चाकं उचलली आणि ट्रॉली हलल्यावर लगेच टेकली, तर झटका हे कारण. क्लच, रेस, नाहीतर हुक-पिनेतला ढिलेपणा. ट्रॉली चालू लागल्यावर, चढाच्या मध्यावर किंवा मऊ जमिनीत हळूहळू पुढचा भाग वर येत असेल, तर हुकाची उंची आणि ओढीचा जोर यांचा मेळ बसलेला नाही. सपाट डांबरीवरही स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतंय, गतिरोधकावर पुढची चाकं उड्या मारतायत, असं असेल तर ट्रॉलीचं वजन हुकावर बसलंय. आणि मागचं चाक चिखलात रुतलेलं असताना उचलत असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे, सगळ्यात घातक आहे. त्याचं खाली स्वतंत्र लिहिलंय.

बऱ्याच ट्रॅक्टरांत यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात. म्हणूनच एक उपाय केल्यावर "फरक पडला नाही" असं वाटतं.

हुकाची उंची

ट्रॅक्टरच्या मागे अडकवायला दोन-तीन जागा असतात. सगळ्यात खाली, पीटीओच्या (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) खालून मागे आलेला ड्रॉबार, म्हणजे ओढायची पट्टी. त्याच्या वर, ओळीनं भोकं पाडलेल्या उभ्या पट्ट्यांमध्ये बोल्टानं बसवलेला ट्रॉलीचा हुक, जो वर-खाली सरकवता येतो. आणि त्याच्याही वर टॉपलिंकची, म्हणजे नांगरासारखं अवजार वरून धरणाऱ्या दांडीची, जागा. तिथे ट्रॉली, साखळी, दोर यातलं काहीही कधीच अडकवायचं नसतं.

हुक सोडवून त्या पट्ट्यांकडे नीट बघा. ज्या भोकांत बोल्ट कायम बसतो त्यांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या असतात. बाकीच्या भोकांत गंज आणि वाळलेला चिखल भरलेला असतो. चकचकीत भोकं सगळ्यात वरची असतील, तर तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग तिथेच आहे.

हुक वर जातो त्याला कारणंही असतात. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या ट्रॉलीची दांडी उंच आलेली असते. खाली हुक ठेवला तर तो फडातल्या वरंब्याला घासतो. काही जण लिफ्टच्या दोन हातांमध्ये आडवी पट्टी टाकून तिला ट्रॉली जोडतात आणि लिफ्ट उचलून चाकावर वजन घेतात. चाकाला पकड मिळते हे खरं, पण त्याच वेळी पुढचं ॲक्सल मोकळं होत असतं.

आता याचा हिशोब मांडू. मागचा टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा धरा. ट्रॅक्टर मागे कलंडायचा झाला तर त्याच जागेभोवती कलंडणार. ट्रॉली मागे ओढते ती हुकाच्या उंचीवरून. त्यामुळे पुढच्या चाकांवरून किती वजन कमी होईल हे काढायचं तर ओढीचा जोर गुणिले हुकाची जमिनीपासूनची उंची, आणि आलेल्या उत्तराला दोन ॲक्सलांमधल्या अंतरानं भागायचं.

पन्नास-पंचावन्न एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर धरा. वजन २,२०० किलो, दोन ॲक्सलांत २ मीटर अंतर. नुसता उभा असताना त्याच्या पुढच्या चाकांवर साधारण ८०० किलो असतात. मऊ पाणंदीत भरलेली जोडी ओढायला १,५०० किलोची ओढ लागली असं समजू. हुक ५० सेंटीमीटरवर असेल तर पुढून ३७५ किलो जातात, ४२५ उरतात. हाच हुक ८० सेंटीमीटरवर नेला तर ६०० किलो जातात आणि पुढे २०० किलोच राहतात. ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच, चालक तोच. बोल्ट फक्त वरच्या भोकांत गेला.

त्यात दोन चाकी ट्रॉलीच्या दांडीचे ४०० किलो हुकावर बसले आणि हुक मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे असला, तर आणखी १०० किलो गेले. दहाला एक असा चढ आला की ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागे सरकतं, त्याचे आणखी सत्तर-ऐंशी. राहिले वीस-पंचवीस किलो. मग क्लचचा एक हलकासा झटकाही पुरतो.

स्टिअरिंग हाताशी राहायचं तर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या ॲक्सलवर हवं, हा सर्वसाधारण नियम आहे. वरच्या ट्रॅक्टरला तो आकडा ४४० किलो येतो. हुक खालच्या भोकांत असतानाही आपण त्याच्या जरा खालीच होतो, हे लक्षात घ्या.

करायचं काय? हुक मॅन्युअलमध्ये ट्रॉलीसाठी सांगितलेल्या उंचीवर आणा. ट्रॉलीची दांडी त्यामुळे तिरकी होत असेल तर ट्रॅक्टर बदलू नका, ट्रॉलीची दांडी बदला. वर्कशॉपवाल्याला दांडीचा डोळा खाली घ्यायला सांगा, पण डोळा कापून उलटा वेल्डिंग करण्याचा सोपा मार्ग नको. दांडीला जाड प्लेट आणि गसेट (कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी पट्टी) घालून काम करून घ्या. भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी असताना दांडी जमिनीला समांतर दिसली पाहिजे. वरंब्याला हुक घासतो ही अडचण खरी आहे. तिथे फडाच्या कडेला दोन-तीन सऱ्यांचे वरंबे फोडून वाट करणं हा हुक वर नेण्यापेक्षा चांगला उपाय.

ट्रॉलीतला भार

चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर बसतं, दांडी फक्त ओढते. दोन चाकीचं तसं नाही. तिच्या चाकांच्या पुढे जेवढा ऊस जास्त, तेवढं हुकावर ओझं.

टोळी मोळ्या डोक्यावरून आणून फळीवरून वर चढते. पुढच्या पाट्याला टेकवून रचत आणणं सोयीचं असतं, म्हणून पुढे गच्च आणि मागे सैल अशी भरती होते. मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की ॲक्सलच्या वरचा भाग आधी भरायचा, मग पुढे आणि मागे सारखं. ट्रॉलीच्या बाजूला चुन्याची एक उभी रेघ ॲक्सलच्या सरळ वर मारून ठेवली की टोळीला अंदाज येतो.

मागे जास्त भरणं हा यावरचा उलटा उपाय कुणी सुचवेल. तो करू नका. मागे भार गेला की दांडी हुकाला वर ढकलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि उताराला ब्रेक लागत नाही. हुकावर थोडा भार हवाच. किती चालतो तो आकडा ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये असतो.

मागच्या टायरात पाणी: याचा गैरसमज काढा

पाणी भरल्यानं चाक घसरणं कमी होतं, हे बरोबर. पण पुढून उचलणं त्यानं थांबत नाही. मागच्या चाकातलं पाणी ज्या जागेभोवती ट्रॅक्टर कलंडतो तिच्या सरळ वर असतं, त्यामुळे पुढचा भाग खाली धरून ठेवायला त्याचा काहीच उपयोग नाही. उलट पकड वाढली की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की पुढचं आणखी हलकं होतं. आधी चाक जागेवर फिरून सुटायचं, आता ते फिरत नाही आणि ट्रॅक्टर उभा राहतो. पाणी भरल्यानंतर उचलणं वाढलं अशी तक्रार करणारे खोटं बोलत नसतात.

पाणी काढून टाका असं मी म्हणत नाही. शेतात नांगरटीला ते कामाचं आहे. पण मागे वजन वाढवलं की त्या प्रमाणात पुढेही वजन वाढवलंच पाहिजे.

पुढची वजनं, आणि बंपरवर बसणारी माणसं

हुक आणि भरती नीट झाल्यावर मग पुढच्या वजनांकडे या. कंपनीची बिडाची वजनं पुढच्या ब्रॅकेटला अडकवून बोल्टानं आवळायची असतात. ती पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असल्यामुळे त्यांचा परिणाम त्यांच्या वजनापेक्षा जास्त होतो, पहार जितकी टोकाला धरावी तितका दगड सहज उचलतो तसं. ४० किलोची सहा वजनं म्हणजे २४० किलो. ती ॲक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढे असतील तर पुढच्या चाकांवर ३१२ किलो भर पडते. वरच्या हिशोबात तेवढ्यानं केवढा फरक पडतो ते बघा.

घरी ओतलेला ठोकळा चालतो का? चालतो, पण तो ट्रॅक्टरच्या मूळ ब्रॅकेटला बोल्टानं पक्का बसलेला हवा. तारेनं बांधलेले दगड, वाळूची पोती, रेल्वेच्या रुळाचा तुकडा साखळीनं टांगलेला, यातलं काहीही खड्ड्यात सुटून पुढच्या चाकाखाली येऊ शकतं. पुढच्या ॲक्सलला किती भार चालतो याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ती ओलांडली तर बेअरिंग, किंगपिन आणि टायर लवकर जातात. पुढच्या टायरातली हवाही वाढलेल्या वजनाप्रमाणे ठेवा.

आणि माणसं. हे मी अगदी कळकळीनं लिहितोय. चढ आला की टोळीतली दोन-तीन पोरं बंपरवर, बॉनेटवर चढून बसतात. तीन पोरं म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो, म्हणजे चार वजनं. चार वजनांसाठी तीन जीव पुढच्या चाकांच्या तोंडाशी बसवायचे? पुढचं चाक हवेतून धाडकन खाली आलं की बंपरवरचा माणूस पुढे फेकला जातो, आणि मागून भरलेल्या ट्रॉल्या येत असतात. चालकाला तो दिसतही नाही, कारण बॉनेट वर उचललेलं असतं. मालक असाल तर वजनं विकत घ्या. चालक असाल तर पोरं खाली उतरल्याशिवाय गिअर टाकू नका.

काट्यावर वजन करून बघा

अंदाजावर राहण्यापेक्षा मोजा. गावाजवळच्या खासगी वजनकाट्यावर ट्रॅक्टर रिकामा असताना आधी पूर्ण वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर राहतील असा उभा करून पुढचं वजन घ्या. पुढच्या वेळी भरलेली ट्रॉली जोडलेली असताना तसंच पुढच्या चाकांचं वजन घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांडीच्या भारानं पुढून गेलेलं वजन. ओढ सुरू होण्याआधीच पुढचं वजन एकूण वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास आलं असेल, तर चढाला ते टिकणार नाही.

मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिथल्या अहवालांत पुढचं-मागचं वजन, ॲक्सलांमधलं अंतर, हुकाची उंची आणि जास्तीत जास्त ओढ हे सगळं छापलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळवा आणि वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा. विक्रेता एचपी सांगतो. या कामाला एचपीपेक्षा ते चार आकडे जास्त उपयोगाचे आहेत.

झटका कुठून येतो

क्लच सोडताना उचलणाऱ्या ट्रॅक्टरांत चालकाच्या पायाला दोष देण्याआधी पेडल हातानं दाबून बघा. बुशला ग्रीस नसेल तर पेडल अडकत-अडकत वर येतं आणि शेवटी एकदम सुटतं. पाय कितीही हलका असला तरी क्लच झटक्यातच धरणार. पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे आहे का ते बघा. प्लेटला तेल लागलं असेल किंवा क्लचच्या बोटांची उंची कमी-जास्त असेल तरी तो थरथरत, हिसके देत धरतो.

दुसरी जागा म्हणजे हुकाची पिन. ट्रॉलीच्या दांडीचा डोळा झिजून लांबट होतो, त्यात मूळ मापापेक्षा बारीक पिन घातलेली असते. ट्रॅक्टर आधी बोटभर मोकळा पुढे जातो आणि मग सगळा भार एकदम त्याच्यावर आदळतो. दोन ट्रॉल्यांच्या मध्येही असाच ढिलेपणा असला तर धक्के दोन. डोळ्यात बुश बसवून घ्या, योग्य मापाची पिन वापरा, तिला लॉक लावा. पाचशे-हजाराचं काम आहे आणि अनेकदा उचलणं त्यानंच निम्मं होतं.

निघताना लो मधला खालचा गिअर, रेस कमी, क्लच सावकाश. रेस चढवून क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा जोर एका क्षणात मागच्या ॲक्सलवर येतो. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघायची वेळ येऊ देऊ नका. समोरून गाडी येत असेल तर चढाच्या पायथ्याशीच थांबा.

चाक रुतलं असेल तर

इथे जास्त वेळ थांबतो, कारण ट्रॅक्टर पूर्ण मागे उलटण्याचे प्रसंग इथे घडतात.

चाक पुढे फिरू शकलं तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाक फिरू शकलं नाही तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचा सांगाडाच ॲक्सलभोवती फिरवतो, म्हणजे पुढचा भाग वर येतो. रुतलेल्या चाकापुढे लाकूड ठोकणं, किंवा ओंडका साखळीनं टायरला बांधून चाक फिरवणं, यात नेमकं हेच होतं. ओंडका जमिनीत अडकतो, चाक थांबतं आणि ट्रॅक्टर उभा राहतो. यावेळी मागे ट्रॉलीची दांडी असली तरी ती थोपवेल असं समजू नका.

अमेरिका-युरोपातल्या शेती-सुरक्षेच्या प्रशिक्षणात एक आकडा कायम शिकवला जातो: पुढची चाकं सुटल्यापासून परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला पाऊण सेकंद लागतो, आणि पूर्ण उलटायला दीड सेकंद. माणसाला धोका कळून पाय क्लचवर पोहोचायलाच जवळपास पाऊण सेकंद जातो. "उचलला तर मी लगेच क्लच मारतो" हा भरवसा इथे उपयोगाचा नाही.

म्हणून रुतलं की आधी ट्रॉली सोडा. चाकामागची माती खोरून रिव्हर्समध्ये बाहेर निघतंय का बघा. मागे जाताना इंजिनाचा जोर पुढचा भाग खाली दाबतो. नाही निघालं तर दुसरा ट्रॅक्टर पुढून लावा. साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला, रुतलेल्याच्या पुढच्या टो हुकला. ओढणाऱ्याच्या ॲक्सलला किंवा टॉपलिंकला साखळी बांधली तर आता तो उभा राहील. साखळी आधी हळू ताणून घ्या, मग ओढा, आणि साखळीच्या दुप्पट अंतरात कुणालाही उभं राहू देऊ नका. मग भरलेली ट्रॉली लांब साखळीनं कोरड्या जागेवरून बाहेर काढा. अर्धा तास जास्त जातो. तो जाऊ द्या.

नांगर-रोटर लावलेला असताना

ट्रॉली नसतानाही ट्रॅक्टर उचलतो अशी तक्रार असेल, तर ती बहुतेक उचललेल्या अवजाराची असते. चार-साडेचारशे किलोचा पलटी नांगर लिफ्टवर वर धरून बांध किंवा कॅनॉलचा भराव चढला, की नांगराचं वजन ॲक्सलच्या बरंच मागे असल्यामुळे पुढून अडीचशे-तीनशे किलो सहज कमी होतात. असा चढ रिव्हर्समध्ये चढा, उतरताना पुढे तोंड करून उतरा. अवजार जमिनीला लागणार नाही इतपतच वर धरा.

नांगर जमिनीत चालू असताना मात्र थ्री-पॉइंट लिंकेज आपल्या बाजूनं असतं, आणि त्यामागे इतिहास आहे. १९१७ पासून बनलेला फोर्डसन हा ट्रॅक्टर नांगर दगडाला अडकला की मागे उलटण्यासाठी कुप्रसिद्ध होता. हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची पद्धत विकसित केली आणि १९३९ मध्ये ती फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर बाजारात आली. नांगर अडकला की टॉपलिंक ॲक्सलच्या वरच्या बाजूला पुढे रेटते आणि ट्रॅक्टरचा पुढचा भाग खाली दाबला जातो. ज्या टॉपलिंकची जागा रेटा घ्यायला केलीय, तिलाच साखळी बांधून मागे ओढ लावली तर परिणाम बरोबर उलटा होतो. टॉपलिंकला काही अडकवू नका असं मी वर ठासून लिहिलं ते यासाठी.

चालता-चालता उचललाच तर

क्लच पूर्ण दाबा, रेस सोडा. पुढचा भाग खाली बसेल. चढावर असाल तर गाडी मागे सरकू लागेल, आणि इथे दुसरा धोका आहे: मागे सरकणाऱ्या ट्रॅक्टरला एकदम ब्रेक मारला तरी पुढची चाकं पुन्हा उचलतात. दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र लॉक केलेली असू द्या आणि ब्रेक दाबत-दाबत लावा. ट्रॉलीच्या मागच्या चाकाला लावायला लाकडी ठोकळा घेऊन माणूस बाजूनं चालत हवा, ट्रॉलीच्या मागे नाही.

काही चालक पुढची चाकं हवेत ठेवून डावा-उजवा ब्रेक दाबत गाडी वळवत नेतात, आणि बघणारे त्याला कसब म्हणतात. हात चांगला असेलही. पण मागे वीस टन आहेत, रस्त्यावर शाळेतून सुटलेली मुलं आहेत, आणि एका बाजूचा ब्रेक एकदा जास्त लागला तर पहिली ट्रॉली आडवी येते.

रीलसाठी मुद्दाम ट्रॅक्टर उभा करणाऱ्यांनाही हेच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण मेळ्यात असा खेळ करताना एक तरुण स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली चिरडून गेला आणि त्यानंतर तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. तो नवखा नव्हता, हाच त्याचा व्यवसाय होता. आपल्याकडे यात्रेत भरलेली ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टरवरचा हात दाखवायचा तर त्या स्पर्धेत दाखवावा. तिथे जे लागतं ते खरंच दुर्मिळ आहे.

फार्महाउसवर किंवा बागेत वापरायच्या एटीव्हीबद्दलही, म्हणजे जाड टायरांच्या चार चाकी बाइकबद्दलही, विचारणा होते. हिशोब तोच, आकडे लहान. सव्वा मीटरच्या आसपास ॲक्सलांतलं अंतर, सव्वातीनशे किलो वजन. तिथे चालवणाऱ्याचे सत्तर-ऐंशी किलो हेच पुढचं वजन असतं, म्हणून चढाला पुढे वाकून बसायचं, मागच्या रॅकवर फवारणीची टाकी भरून चढ घ्यायचा नाही, आणि ओढायचं ते फक्त खालच्या हुकाला. मागच्या रॅकला दोर बांधून ओढण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

एवढं करूनही उचलत असेल

मग ट्रॅक्टरला ते ओझं त्या वाटेनं जड आहे, दुसरं काही नाही. फोर-व्हील ड्राइव्ह घेतला तर फरक पडतो, कारण त्याचं पुढचं ॲक्सल मुळातच जड असतं आणि ओढीतही हातभार लावतं. पण पुढची चाकं सुटली की तो हातभारही सुटतो, त्यामुळे हुकाचा आणि भरतीचा नियम त्यालाही तोच.

चालकाच्या डोक्यावरची संरक्षक चौकट आणि सीटबेल्ट यावर खर्च करायला मालक तयार नसतात. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू नंतरच्या काळात झपाट्यानं घटले. चौकट उचलणं थांबवत नाही, पण उलटल्यावर चालक वाचतो. चौकट चाचणी झालेलीच घ्या. पाइप वाकवून केलेला मांडव वजनाखाली चपटा होतो. आणि बेल्टाशिवाय चौकट अर्धीच आहे, कारण माणूस बाहेर फेकला गेला तर चौकटीखालीच सापडतो.

वाट अवघड असेल तर जोडी फडातूनच एकत्र काढू नका. एक ट्रॉली आधी डांबरीवर नेऊन उभी करा, चाकांना ठोकळे लावा, रात्र असेल तर मागे रिफ्लेक्टर आणि दिवा लावा. मग दुसरी आणा आणि तिथे जोडा. टनावर पैसे मिळतात, खेप लवकर व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, हे मला माहीत आहे. मालकानं त्या जादा फेरीचं डिझेल आणि चालकाचा वेळ आधीच ठरवून दिला, तर चालक चढाला दोन्ही ट्रॉल्या एकदम ओढायच्या फंदात पडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला उचल (आगाऊ रक्कम) देतानाच ही गोष्ट बोलून घ्या, आणि त्याच दिवशी हुकाचे बोल्ट खालच्या भोकांत आणा.